कन्नड शिकायचंय? मग बाजारात जा

भावा, लिपीच्या मागं आधी लागू नकोस. ती पुढं कोल्हापूरच्या मध्यवर्ती बसस्थानकावर कर्नाटकच्या गाड्यांच्या पाट्या वाचत येईल. निपाणी, बेळगाव, हुबळी ही नावं ठाऊकच आहेत, फक्त अक्षरं जुळवायची.

सुरुवात तोंडानं. एष्टु (किती), बेकु (पाहिजे), बेडा (नको) एवढ्यावर अर्धा बाजार उरकतो. वाक्याची रचना आपल्यासारखीच, क्रियापद शेवटी: ‘नन्ग नीर बेकु’, मला पाणी पाहिजे. मोबाइलवरचं ॲप ‘बन्नी’ (या) शिकवेल. आपल्या बाजूला, उत्तर कर्नाटकात, ‘बर्री’ म्हणतात. मोठ्या माणसाशी बोलताना तो ‘री’ गाळलास तर उद्धट वाटशील.

खरी अडचण वेगळीच. तू अडखळलास की समोरचा लगेच मराठीवर येतो. सीमाभागातल्या बऱ्याच जणांना दोन्ही भाषा येतात, त्यात त्यांचा काय दोष? म्हणून रोज भेटणारा एकच माणूस धर, भाजीवाल्या मावशी नाहीतर कामावरचा सोबती, आणि ‘माझ्याशी कन्नडच बोला’ असं सांगून ठेव. हसतील, हसू देत. अंबाबाईच्या दर्शनाला आलेल्या आज्ज्या तर फार प्रेमानं दुरुस्त करतात.

आकडे मात्र घरी बसून पाठच कर. ओंदु, एरडु, मूरु... भाव सांगताना तुझ्यासाठी कुणी थांबत नाही.