नावाजलेला सिनेमा आवडला नाही तर

मणी कौल यांचा 'उसकी रोटी' तुला कंटाळवाणा वाटला ना? मग तसं बिनधास्त सांग, उगाच माना डोलावू नकोस. फक्त 'बोअर झाला' एवढ्यावर थांबू नकोस. नेमका कुठे हातातून सुटला ते शोध. बालो बसड्रायव्हर नवऱ्याची रोटी घेऊन रस्त्यावर ताटकळत राहते, ती लांबण सोसली नाही, की पात्रं सपाट आवाजात बोलतात ते खटकलं? या दोन तक्रारी वेगळ्या आहेत. सपाट बोलणं कौल यांनी मुद्दाम ठेवलं होतं, त्यांच्यावर फ्रेंच दिग्दर्शक रॉबेर ब्रेसाँचा प्रभाव होता. हे कळूनही नाही आवडलं तरी चालेल. पण आता तुझ्या मताला आधार आहे, समोरच्याला त्यावर बोलता येतं.

मोठ्या दिग्दर्शकांचंही असंच. सत्यजित राय यांनी कौल यांच्या 'दुविधा'वर आणि कुमार शहानींच्या 'माया दर्पण'वर टीका लिहिली. स्वीडिश दिग्दर्शक बर्गमनला फ्रेंच दिग्दर्शक गोदार कधी पटलाच नाही, ऑर्सन वेल्सचा 'सिटिझन केन' तर चक्क रटाळ वाटला. इटालियन दिग्दर्शक अंतोनिओनीचे मात्र 'ला नोत्ते' आणि 'ब्लो-अप' त्याने वाखाणले, अंतोनिओनीच्या बाकीच्या चित्रपटांना फारशी किंमत दिली नाही. दिग्दर्शकाला सरसकट मोडीत न काढता एकेका चित्रपटावर बोलणं, हे मला फार मोलाचं वाटतं.

आणि हो, असा सिनेमा मोबाइलवर तुकड्यातुकड्यांत बघून मत देऊ नकोस. ज्यांना आवडतो त्यांना ढोंगीही म्हणू नकोस. कोणता प्रसंग आवडला ते विचार.