तिची सुरुवात आपल्या हातात नव्हती

प्रिय पोरी,

अनेक आशीर्वाद.

शेल्टरमधल्या त्या तांबूस कुत्र्याबद्दल तू दोन पानं भरून लिहिलंस आणि खरा प्रश्न मात्र शेवटच्या ओळीत ठेवलास. 'तो सात-आठ वर्षांचा आहे म्हणतात. एवढा मोठा घेतला तर लवकर जाईल ना?'

जाईल. पिल्लू आणलंस तरी बहुधा तुझ्याआधीच जाईल. आणि ते 'सात-आठ' फार धरून बसू नकोस. मोठ्या कुत्र्याचं वय दातांवरून सांगतात, त्यात दोन-तीन वर्षं सहज इकडेतिकडे होतात. माझी भुरी आली तेव्हा चारेक वर्षांची असेल असं सांगितलं होतं. गळ्याभोवती दोरीचा वळ होता, तिथे केस पुन्हा कधी उगवले नाहीत. तिच्याबद्दल तेवढीच माहिती होती.

पहिले तीन दिवस ती टेबलाखालून निघाली नाही. मी पाठ फिरवली की खायची. रेस्क्यूचं काम करणारे एक ढोबळ हिशेब सांगतात: तीन दिवस भांबावलेपण, तीन आठवडे घराची घडी समजून घेण्याचे, तीन महिने घर आपलं वाटायला. भुरीला आठ महिने लागले. तेव्हा दिवस मोजत बसू नकोस. पहिल्या आठवड्यात घरी पाहुणे बोलावू नकोस, लगेच अंघोळ घालू नकोस, त्याच्यावर वाकून डोक्यावरून हात फिरवू नकोस. तिरकी बस, नजर दुसरीकडे ठेव, त्याला येऊ दे. दाराची काळजी मात्र पहिल्या मिनिटापासून घे. नवीन आणलेलं कुत्रं घाबरून पळतं ते याच दिवसांत, म्हणून बाहेर नेताना गळ्यातला पट्टा आणि छातीभोवती बसणारा हार्नेस दोन्ही लाव. डॉक्टरांकडे जंतांचं औषध, रेबीजसकट सगळ्या लसी आणि गोचिडांमुळे होणाऱ्या तापासाठी रक्ताची तपासणी, एवढं लवकर उरकून घे.

आणि गुरगुरला तर रागवू नकोस. मी हे मुद्दाम सांगते, कारण घरातलं कुणीतरी नक्की 'त्याला धाक लाव' म्हणेल. गुरगुरणं ही त्याची सूचना असते. त्याबद्दल ओरडा बसला तर ते सूचना द्यायचं सोडतं आणि एक दिवस थेट चावतं. त्याच्याही आधी खुणा असतात: तोंड वळवणं, ओठ चाटणं, झोप आलेली नसताना जांभई, डोळ्याच्या कडेला दिसणारं पांढरं. त्या खुणा वाचायला शीक. पुढे त्याच्या शेवटच्या दिवसांत तुला याच वाचनाची गरज पडणार आहे.

भुरी केरसुणीला घाबरायची. मी मनात एक क्रूर मालक उभा केला, त्याच्या हातात केरसुणी दिली आणि दोन वर्षं त्या माणसाचा राग राग केला. नंतर कळलं की पिल्लाच्या तिसऱ्या आठवड्यापासून साधारण चौदाव्यापर्यंत जे त्याच्या ओळखीचं होत नाही, ते पुढे जन्मभर भीतिदायक वाटू शकतं. कदाचित भुरीला कुणी मारलंच नसेल, कदाचित तिने लहानपणी घरच पाहिलं नसेल. मला ठाऊक नाही, आणि ते कधी कळणारही नव्हतं. त्या न कळण्याच्या जागी मी गोष्ट रचली आणि तिच्याकडे दयेने बघत राहिले. दयेने ती धीट झाली नाही. केरसुणी कोपऱ्यात आडवी ठेवून तिच्या जवळपास खाऊ टाकत गेले, तेव्हा झाली.

तिच्या मायेबद्दल काय लिहू? २०१५ साली जपानी संशोधकांनी दाखवलं की कुत्रा आणि त्याचा माणूस एकमेकांकडे बघत राहिले की दोघांच्याही शरीरात ऑक्सिटोसिन, म्हणजे जिव्हाळा निर्माण करणारं संप्रेरक, वाढतं. भुरी मात्र डोळ्यांत फारसं बघायचीच नाही. ती माझ्याकडे पाठ करून बसायची, पाठीचा कणा माझ्या पिंढरीला टेकवून. आधी मला वाटायचं, हिला मी आवडत नाही. जिला मागून येणाऱ्या प्रत्येक पावलाची धास्ती होती, तिने मला पाठ दिली होती, हे समजायला मला उशीर लागला.

सातव्या वर्षानंतर दरवर्षी रक्त आणि लघवी तपासून घे, दर महिन्याला वजन कर. भुरी जास्त पाणी प्यायला लागली तेव्हा मी उन्हाळ्यावर टाकलं, पण बिघडत होती ती तिची मूत्रपिंडं. रक्तातलं क्रिएटिनिन, म्हणजे मूत्रपिंडांनी बाहेर टाकायचा टाकाऊ पदार्थ, वाढलेलं दिसेपर्यंत मूत्रपिंडांची साधारण तीन चतुर्थांश क्षमता गेलेली असू शकते. लघवी पातळ होणं त्याच्या आधी दिसतं, म्हणून ती तपासणी टाळू नकोस. आपल्या घरातली दुखण्याची गोळी त्याला कधीही देऊ नकोस. आयब्युप्रोफेनने कुत्र्याचं पोट आणि मूत्रपिंडं दोन्ही बिघडतात.

मी घरीच तिच्या कातडीखाली सलाईन द्यायला शिकले. चौदा महिने मिळाले, त्यातले बहुतेक चांगले.

आता जे सांगायला हे पत्र लिहिते आहे ते. ॲलिस व्हिलालोबोस या पशुवैद्यांनी एक तक्ता केला आहे. वेदना, भूक, पाणी, स्वच्छता, आनंद, हालचाल आणि वाईटापेक्षा चांगले दिवस जास्त आहेत का, अशा सात गोष्टींना दहापैकी गुण द्यायचे. बेरीज पस्तिसाच्या वर असेल तर अजून वेळ आहे. मी रोज रात्री तो भरायचे आणि रोज खोटे गुण द्यायचे. शेपटीचं टोक हललं की आनंदाला आठ. डॉक्टर सोमवारी म्हणाले, आता तिला इंजेक्शन देऊन कायमचं झोपवूया. मी शुक्रवारी हो म्हटलं. ते चार दिवस तिचे नव्हते, माझे होते. ती उलट्या करत होती, उठता येत नव्हतं, आणि मी जवळ गेले की तोंड वळवत होती. जी खूण मी पहिल्या आठवड्यात शिकले होते, तीच. मी ती वाचली नाही.

म्हणून तो धडधाकट असतानाच त्याला सर्वात प्रिय असलेल्या तीन गोष्टी कागदावर लिहून ठेव. भुरीच्या असत्या: किल्लीचा आवाज आला की दाराशी जाणं, पुठ्ठ्याची खोकी फाडणं, पाठ टेकून बसणं. यातल्या दोन गेल्या की डॉक्टरांशी बोल. त्या दिवशीच्या तुझ्या मनावर विश्वास ठेवू नकोस, आधी लिहिलेल्या कागदावर ठेव.

त्या वेळी काय होतं तेही सांगते, मला कुणी सांगितलं नव्हतं. बहुतेकदा आधी गुंगीचं औषध देतात, मग शिरेतून पेंटोबार्बिटलचा मोठा डोस. एक-दोन मिनिटांत हृदय थांबतं. डोळे मिटत नाहीत. नंतर एखादा मोठा श्वास आल्यासारखं होऊ शकतं, स्नायू थरथरतात, लघवी होते. मी घाबरून डॉक्टरांना पुन्हा ठोके ऐकायला लावले. तू घाबरू नकोस, आणि खोलीबाहेर जाऊ नकोस. तो कुठून आला हे तुला माहीत नसेल, पण जाताना त्याच्या अंगावर कुणाचा हात असावा हे तुला ठरवता येतं.

लोक म्हणतील, 'कुत्रंच तर होतं.' केनेथ डोका या अभ्यासकाने १९८९ मध्ये अशा, समाज ज्याला दुःख मानतच नाही त्या दुःखाला नाव दिलं. मला ते वाचून हायसं वाटलं होतं. तरी कितीतरी महिने मी अंधारात उठले की ती झोपायची ती जागा ओलांडून पाय टाकत होते. चार दिवसांची टोचणी अजून आहे.

शेल्टरला जाशील तेव्हा एक जुनी चादर घेऊन जा, आधी दोन रात्री तिच्यावर झोपलेली. ती त्याच्याजवळ ठेवून ये, म्हणजे घरी येण्याआधी तुझा वास त्याच्या ओळखीचा होईल. पिंजऱ्यासमोर तिरकी बस. तो आला नाही तरी अर्धा तास बस. आणि त्याचं नाव काय ठेवलंस ते कळव.

तुझी,
मावशी