फ्लिपर झीरो : वाचकांचे प्रश्न

फ्लिपर झीरो म्हणजे प्रवेशकार्डं आणि रिमोट यांचे सिग्नल वाचून साठवणारं, पुन्हा पाठवणारं, हातात मावणारं यंत्र.

प्रश्न : सोसायटीच्या लॉबीचं कार्ड फ्लिपरवर दोन सेकंदांत वाचलं गेलं आणि त्यावरून दारही उघडलं. नवऱ्याच्या ऑफिसचं कार्ड मात्र वाचलं जातं, पण गेट हलत नाही. यंत्रात दोष आहे का?
— एक वाचक, मुलुंड

उत्तर : यंत्र ठीक आहे, कार्डं वेगळ्या जातीची आहेत. दोन्ही कार्डं मोबाइलच्या टॉर्चसमोर धरून पाहा. आत तारेचं गोल वेटोळं दिसलं तर कार्ड बहुधा 125 किलोहर्ट्झचं असतं. कडेकडेने चौकोनी वेटोळं असेल तर ते 13.56 मेगाहर्ट्झचं, म्हणजे एनएफसी (फोन टेकवून पैसे देताना वापरतात ती पद्धत). जाड कार्डातून उजेड जात नसेल तर ते एनएफसी असलेल्या फोनला टेकवा. फोन 125 किलोहर्ट्झ वाचूच शकत नाही, त्यामुळे तो गप्प राहिला तर उत्तर मिळालं.

मुंबईतल्या सोसायट्यांत 125 किलोहर्ट्झवर भेटणारी ओळखीची जात म्हणजे ईएम 4100. तिच्यात 40 बिटांचा एक क्रमांक असतो आणि रीडरने विचारलं की कार्ड तो उघड सांगून टाकतं. गुपित असं काही नाहीच, म्हणून नक्कलही लगेच होते. ऑफिसचं कार्ड मायफेअर क्लासिक 1के असेल तर त्यात 16 सेक्टर म्हणजे माहितीचे कप्पे असतात आणि प्रत्येक सेक्टरला ए आणि बी अशा दोन किल्ल्या (गुप्त आकडे), म्हणजे एकूण 32. फ्लिपर आपल्या मेमरी कार्डावरच्या यादीतल्या किल्ल्या एकेक करून लावून पाहतो आणि शेवटी किती किल्ल्या सापडल्या, किती सेक्टर वाचले ते दाखवतो. समजा 28 किल्ल्या आणि 14 सेक्टर दिसले. रीडरला हवी ती नोंद उरलेल्या दोन सेक्टरांत असेल तर गेट उघडणार नाही. कार्ड डेसफायर या जास्त सुरक्षित जातीचं असेल तर वरवरचा यूआयडी, म्हणजे कार्डाचा ओळख क्रमांक, तेवढा हाती लागतो, आतली एईएस गुप्तलिपीची किल्ली चिपबाहेर येत नाही. मेट्रो 2अ आणि 7 चं ‘मुंबई वन’सारखं एनसीएमसी (देशभर चालणारं प्रवासाचं) कार्डही याच कारणाने नकलता येत नाही.

एक गोष्ट कळकळीने सांगतो. कार्ड तुमच्या गळ्यात असलं तरी प्रवेशव्यवस्था कंपनीची आहे. आयटी विभागाची लेखी परवानगी नसेल तर ऑफिसच्या गेटवर प्रयोग करू नका. माहिती तंत्रज्ञान कायदा 2000 च्या कलम 43 आणि 66 खाली तीन वर्षांपर्यंत कैद किंवा पाच लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतं. सोसायटीतही आधी सेक्रेटरींशी बोला. समिती नवी यंत्रणा बसवणार असेल तर मायफेअर क्लासिक नको म्हणून सांगा, कारण त्याची क्रिप्टो-1 ही गुप्तलिपी 2008 मध्येच फोडली गेली आहे. डेसफायर ईव्ही2 किंवा ईव्ही3 मागा, आणि रीडर नुसता यूआयडी तपासत नाही ना, हे ठेकेदाराकडून लिहून घ्या. नाहीतर महागडं कार्ड घेऊनही कुलूप जुनंच राहतं.

प्रश्न : एसीच्या रिमोटची बटणं एकेक करून फ्लिपरमध्ये साठवली. ‘तापमान वाढव’ दाबलं की दर वेळी 25च होतं, पुढे जातच नाही.
— एक वाचक, डोंबिवली

उत्तर : टीव्हीचा रिमोट ‘आवाज वाढव’ एवढंच सांगतो. एसीचा रिमोट मात्र प्रत्येक दाबाला चालू-बंद, मोड, तापमान, पंख्याचा वेग असा अख्खा हिशेब पाठवतो. तुम्ही साठवलंत ते ‘वाढव’ नव्हे, तर ‘कूल, 25, पंखा ऑटो’. म्हणून बटणं नव्हे, स्थिती साठवा. ‘कूल 24’, ‘कूल 26’, ‘ड्राय’ आणि ‘बंद’ या चार नोंदींत घर चालतं, आणि आपल्या दमट हवेत ड्राय जरूर घ्या. रिमोट फ्लिपरच्या काळ्या खिडकीपासून साधारण 10 सेंटीमीटरवर धरा, थेट ऊन टाळा. पडद्यावर प्रोटोकॉलचं नाव न येता ‘रॉ’ (कच्चा सिग्नल) आलं तरी हरकत नाही, तसंच साठवा.

प्रश्न : पार्किंगच्या फाटकाच्या रिमोटवर फ्लिपरमध्ये दुसरं फर्मवेअर (यंत्र चालवणारी आतली प्रणाली) टाकून प्रयोग केला. फ्लिपरने फाटक उघडतं, पण आता मूळ रिमोट चालत नाही.
— एक वाचक, गोरेगाव

उत्तर : तुमचा रिमोट रोलिंग कोडचा आहे, बहुधा कीलॉक पद्धतीचा. त्यात प्रत्येक दाबाला मोजणी एकाने पुढे सरकते आणि रिसीव्हर शेवटची मोजणी लक्षात ठेवतो. मागचा आकडा आला की नाकारतो. फ्लिपरने पुढचे कोड तयार करून पाठवले, रिसीव्हर पुढे गेला आणि रिमोट मागे राहिला. अधिकृत फर्मवेअर असे कोड साठवू देत नाही त्यामागे हेही एक कारण आहे.

आधी सोपा उपाय करा. फ्लिपरने पाच वेळा फाटक उघडलं असेल तर रिमोट फाटकाजवळ सावकाश सहा वेळा दाबा. मोजणी पुढे गेली की सहाव्या दाबाला फाटक हलेल. उलट प्रकारही होतो: रिमोट खिशात दाबला जाऊन मोजणी रिसीव्हर सहज स्वीकारतो त्या 16 च्या मर्यादेपुढे जाते. एचसीएस 301 चिपच्या रिमोटला तेव्हा लागोपाठ दोनदा दाबणं पुरतं. एवढ्यानेही नाही जमलं तर रिमोट पुन्हा शिकवावा लागेल. ते काम मेंटेनन्सवाल्याकडून करून घ्या, कारण अनेक रिसीव्हरवर ‘लर्न’ बटण काही सेकंद दाबून धरलं की साठवलेले सगळे रिमोट पुसले जातात आणि संध्याकाळी अख्खी इमारत फाटकाबाहेर उभी राहते.

आता तो फ्लिपर फाटकावर वापरू नका. रिमोट आणि फ्लिपर एकच मोजणी वाटून घेऊ शकत नाहीत, हा घोळ पुन्हा होईलच.

प्रश्न : ‘एसडी कार्ड एरर’ येते. कार्ड फोनमध्ये चालतं.
— एक वाचक, कल्याण

उत्तर : फ्लिपर मेमरी कार्डाशी एसपीआय या जोडणीच्या पद्धतीने बोलतो आणि नकली कार्डं तिथेच अडतात. नावाजलेल्या कंपनीचं 8 ते 32 जीबीचं कार्ड पक्क्या बिलावर घ्या, पितळी पट्ट्या वर ठेवून घाला आणि सेटिंग्जमधल्या स्टोरेजमध्ये जाऊन फ्लिपरवरच फॉरमॅट करा. मग फर्मवेअर पुन्हा टाका. युनिव्हर्सल रिमोट आणि किल्ल्यांच्या याद्या कार्डावरच असतात.

प्रश्न : फ्लिपर परवडत नाही. लॅमिंग्टन रोडवरून सुटे भाग आणून शिकता येईल का?
— एक विद्यार्थी, अंधेरी

उत्तर : येईल, आणि आतलं काम जास्त नीट कळेल. ईएसपी 32 बोर्ड (सगळं चालवणारा छोटा संगणक), 433 मेगाहर्ट्झचा सीसी 1101 रेडिओ मॉड्यूल (फ्लिपरमध्येही हीच चिप आहे), एनएफसीसाठी आरसी 522, 125 किलोहर्ट्झसाठी आरडीएम 6300, इन्फ्रारेडसाठी 38 किलोहर्ट्झचा टीसॉप रिसीव्हर आणि एक आयआर एलईडी घ्या. सीसी 1101 आणि आरसी 522 ला 3.3 व्होल्टच द्या. 5 व्होल्टच्या पिनेवर जोडला की सीसी 1101 जळतो. दुकानात ‘433’ म्हणून स्पष्ट मागा, 868 चा मॉड्यूल दिसायला तसाच असतो पण 433 वर पल्ला फार कमी देतो. अँटेना तुटली तर 17.3 सेंटीमीटर सरळ तार लावा. सुरुवात ऐकण्यापासून करा. प्रसारणाला वारंवारता आणि शक्ती दोन्हींची सरकारी मर्यादा आहे.

प्रश्न : कार्ड चालेना म्हणून फ्लिपर वापरकर्त्यांच्या गटात कार्डाची साठवलेली फाइल आणि फोटो टाकला, तर सगळे रागावले.
— एक वाचक, ठाणे

उत्तर : ती फाइल म्हणजे तुमच्या दाराची किल्लीच आहे. लगेच काढून टाका आणि सोसायटीला तो क्रमांक रद्द करून नवं कार्ड द्यायला सांगा. मदत मागताना फर्मवेअरचं नाव आणि आवृत्ती, कार्डाचा प्रकार, किती किल्ल्या व सेक्टर सापडले आणि रीडरचं मॉडेल एवढं लिहा. जाणकाराला तेवढं पुरतं, आणि असं लिहिलेल्या प्रश्नाला उत्तरही लवकर मिळतं. फोटो टाकायचाच असेल तर कार्डावर छापलेले आकडे झाका. ईएम 4100 कार्डावरचा दहा आकडी क्रमांक म्हणजे बहुतेकदा आतल्या 40 पैकी 32 बिटं जशीच्या तशी छापलेली असतात.