नेता मुलाखतीत प्रश्नाला बगल देत असेल तर काय करावं?

आवाज चढवून काही हाती लागत नाही. कामाला येते ती तयारी, आणि हाताशी भरपूर वेळ. ब्रिटिश टीव्ही पत्रकार डेव्हिड फ्रॉस्टने १९७७ साली घेतलेली अमेरिकेचे माजी राष्ट्राध्यक्ष रिचर्ड निक्सन यांची मुलाखत जरूर बघा, मी ती पुन्हा पुन्हा बघतो.

वॉटरगेट प्रकरणात, म्हणजे विरोधी पक्षाच्या कार्यालयातली घुसखोरी दडपण्याच्या प्रकरणात, १९७४मध्ये राष्ट्राध्यक्षपद सोडावं लागलेले निक्सन मूळचे वकील, शब्दांत सापडणारे नव्हेतच. चित्रीकरण जवळपास २९ तासांचं झालं. सुरुवातीला निक्सन लांबलचक आठवणी सांगत वेळ खात राहिले. पण फ्रॉस्टच्या संशोधकाने, जेम्स रेस्टनने, निक्सन आणि त्यांचे सहकारी चार्ल्स कोल्सन यांच्या बोलण्याचा तोवर प्रसिद्ध न झालेला मजकूर शोधून ठेवला होता. फ्रॉस्टने तो समोर ठेवला आणि निक्सन यांची बचावाची घडी विस्कटली.

पुढचा क्षण मला सगळ्यात मोलाचा वाटतो. ‘चुका झाल्या’ एवढ्यावर निक्सन थांबू पाहतात, तेव्हा फ्रॉस्ट हातातला टिपणांचा पॅड खाली टाकतो. लोकांना तुमच्याकडून काय ऐकायचंय ते सरळ निक्सन यांच्या डोळ्यांत बघून सांगतो, आणि मग त्यांना बोलू देतो. आपण मित्रांना, देशाला तोंडघशी पाडलं, ही कबुली तिथे येते.

म्हणून कागदपत्रं आधी तोंडपाठ करा. अवघड प्रश्न विचारल्यावर मात्र गप्प बसा. समोरचा अडखळला म्हणून लगेच दुसरा प्रश्न टाकू नका, तो अडखळतोय तिथेच खरं उत्तर असतं.