इंग्रजीतलं ‘व्हिझ.’ (viz.) म्हणजे काय, त्यात झेड कुठून आला आणि फॉर्मल लिखाणात वापरावा का?

अर्थ सोपा आहे, ‘म्हणजे’ किंवा ‘पुढीलप्रमाणे’. लॅटिनमधल्या ‘व्हिडेलिसेट’चं हे आखूड रूप, आणि तो शब्द ‘व्हिडेरे लिसेट’वरनं आलाय, म्हणजे ‘बघायला मुभा आहे’. झेड खरं तर झेड नाहीच. मध्ययुगात हाताने ग्रंथ उतरवणारे लोक शब्दाच्या शेवटचं ‘एट’ पूर्ण न लिहिता एक खूण मारायचे, ती दिसायची झेडसारखी नाहीतर तीनच्या आकड्यासारखी. पुढे छपाईत तिच्या जागी सरळ झेडच बसला. मोठ्याने वाचताना इंग्रजी ‘नेमली’ (namely) म्हणायची पद्धत आहे, ‘व्हिझ’ म्हणालात तरी कोणी फासावर देत नाही.

आता मुद्द्याचं. ‘व्हिझ.’ आणि ‘ई.जी.’ (e.g.) एकच असं ज्यांना वाटतं त्यांनी कृपा करून कॉन्ट्रॅक्ट ड्राफ्ट करू नयेत. ‘ई.जी.’ म्हणजे उदाहरणादाखल, यादी उघडी. ‘व्हिझ.’नंतर येते ती अख्खी यादी, तिथे दार बंद.

मी एका कंपनीत होतो तिथे मेंटेनन्सच्या कामाचं ॲग्रीमेंट चाललं होतं. क्लॉज असा, की कॉन्ट्रॅक्टरने त्याच्या माणसांना सगळं सेफ्टी इक्विपमेंट द्यायचं, आणि पुढे सरांनी स्वतः घातलं ‘व्हिझ. हेल्मेट, ग्लोव्हज, बूट’. मी तिथे ट्रॅक चेंजेसमध्ये (बदल दिसतील अशा मोडमध्ये) ‘इन्क्लुडिंग बट नॉट लिमिटेड टू’, म्हणजे ‘हे धरून, पण एवढंच नाही’, असं टाकलं आणि बाजूला कमेंट लिहिली की ही यादी बंद होतेय, उद्या आणखी काही लागलं तर? सरांनी रिजेक्ट दाबलं. वर म्हणे, तेच ते, ‘व्हिझ.’ने जरा वजन येतं. वजन! मग व्हायचं तेच झालं, उंचावरचं काम निघालं, हार्नेस लागले, आणि कॉन्ट्रॅक्टरच्या माणसाने मीटिंगमध्ये प्रिंटआऊट पुढे सरकवून त्या ओळीवर बोट ठेवलं, साहेब यात हार्नेस कुठंय? कोणाला उत्तर नाही. हार्नेस शेवटी आमच्या बजेटमधून आले आणि मीटिंग संपल्यावर सरांनी मला विचारलं काय, तर हा ड्राफ्ट टाईप कोणी केला होता!

टाईप मीच केला होता, हो. पण शब्द कोणाचा होता ते त्या फाईलच्या जुन्या व्हर्जनमध्ये अजून असेल.

हां, हे पण सांगायला हवं, की वाद कोर्टात गेला तर एका शब्दावर निकाल लागेलच असं नाही, अख्खा क्लॉज आणि उद्देश बघितला जातो, त्यामुळे कदाचित आमचीही बाजू उभी राहिली असती. आणि गंमत म्हणजे इंग्लंडमधल्या जुन्या दाव्यांत तर तारीख किंवा रक्कम ‘व्हिडेलिसेट’ लावून मांडायचे ते नेमकी तेवढीच सिद्ध करायची जबाबदारी अंगावर येऊ नये म्हणून, म्हणजे तिथे तो चक्क पळवाट होता. पण तो कोर्टाचा संकेत झाला, साध्या वाचणाऱ्याला बंद यादीच दिसते.

वापरावा का, तर माझ्या मते नाही. ‘नेमली’ लिहा ना, तीन अक्षरं वाचवून काय मिळवणार? ब्रिटिश सरकारने 2016 मध्ये आपल्या वेबसाईटवरनं ‘ई.जी.’ आणि ‘आय.ई.’ (i.e., ‘म्हणजे’)सुद्धा हळूहळू काढायचं ठरवलं, कारण इंग्रजी मातृभाषा नसलेल्यांना ते अडतं आणि अंध लोक वापरतात ती काही सॉफ्टवेअर ‘ई.जी.’ चुकीचं वाचून दाखवतात. ज्यांची भाषा आहे ते सोडतायत आणि आमचे सर वजन घालतायत.

तरी तुमचा बॉस हट्टाला पेटलाच तर वाद घालू नका, ‘व्हिझ. तुमच्या सांगण्यावरून ठेवत आहे’ असा एका ओळीचा मेल टाका, सीसीमध्ये आणखी कोणीतरी ठेवा, आणि त्याचं ‘ओके’ आल्याशिवाय फायनल कॉपी प्रिंटला देऊ नका.