फिटर झालेल्या मुलाने शिकाऊ उमेदवारी घ्यावी की ठेकेदाराकडे जावे?

औसा तालुक्यातील एका वडिलांचे पत्र आले आहे. त्यांचा मुलगा यंदा लातूरहून आयटीआयचा दोन वर्षांचा फिटर ट्रेड उत्तीर्ण झाला. दहावीला त्याला ६४ टक्के होते. एसटीच्या चिकलठाणा (छत्रपती संभाजीनगर) येथील मध्यवर्ती कार्यशाळेत एका वर्षाच्या शिकाऊ उमेदवारीसाठी त्याची निवड झाली असून विद्यावेतन दरमहा ८,०५० रुपये आहे. चाकणचा एक ठेकेदार १६,००० रुपये आणि राहण्याची सोय देतो आहे. वडील विचारतात, ‘शेवटी नोकरीची हमी नसेल, तर निम्म्या पैशांत वर्ष का घालवायचे? की घराजवळच्या रेल्वे कोच कारखान्याची वाट पाहायची?’

सप्रेम नमस्कार.

हमी नाही, ही आपली शंका खरी आहे. शिकाऊ उमेदवार अधिनियम, १९६१ नुसार आपला मुलगा तेथे कामगार नसून प्रशिक्षणार्थी असेल, आणि मुदत संपल्यावर त्याला सेवेत घेण्याचे बंधन सर्वसाधारणपणे आस्थापनेवर नसते. उत्तर प्रदेशच्या परिवहन महामंडळाशी संबंधित प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्ये असे सांगितले की, इतर बाबी समान असतील तर थेट भरतीत प्रशिक्षित शिकाऊ उमेदवाराला प्राधान्य द्यावे. परंतु त्यासाठी मुळात भरती निघावी लागते, आणि ती कधी निघेल हे कोणाच्याच हाती नसते.

तरीही माझा सल्ला चिकलठाण्याचाच आहे. दोन वर्षांपूर्वी एक मुलगा असेच एका ठेकेदारामार्फत वाहनांचे सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यात दीड वर्ष काढून माझ्याकडे आला होता. कन्व्हेयरवर समोर येणाऱ्या प्रत्येक नगाचे तेच चार बोल्ट टॉर्क गनने आवळणे, एवढेच त्याचे काम होते. हाती पत्र होते ते ठेकेदाराच्या लेटरहेडवरचे, त्यावर ‘ट्रेनी’ असा शब्द. नोंदणी क्रमांक नाही, ट्रेडचे नाव नाही. मी त्याच्यापुढे व्हर्नियर हे बारीक माप घेण्याचे साधन ठेवले, तेव्हा आयटीआयमध्ये शिकलेले माप घेताना त्याचा हात अडखळला. ते पाहून मला फार वाईट वाटले, कारण मुलगा हुशार होता. याउलट एसटीच्या मध्यवर्ती कार्यशाळेत चेसिसवर बसची बॉडी उभी राहते: सांगाडा, पत्रे, दरवाजे, आसने. मापात न बसणारा दरवाजा पुन्हा काढून बसवावा लागतो, आणि फिटरचा हात तयार होतो तो अशाच कामात.

पैशांचा हिशेबही नीट पाहू. २०१९ च्या सुधारित नियमांत आयटीआय उत्तीर्ण उमेदवाराचे किमान विद्यावेतन ७,००० रुपये ठरले, आणि दोन वर्षांच्या ट्रेडसाठी त्यावर १५ टक्के वाढ धरून ८,०५० रुपये होतात. ही रक्कम तुटपुंजी आहे, हे मी नाकारत नाही. परगावी खोली आणि मेस यांतच ती संपेल आणि घरी काही पाठवता येणार नाही. मात्र ठेकेदाराचे सोळा हजार बारा तासांच्या पाळीचे आहेत की आठ तासांच्या, आणि राहण्याच्या सोयीचे पैसे त्यातून कापले जातात का, हे आपण पत्रात लिहिलेले नाही. ते आधी विचारा. शिकाऊ उमेदवाराला शिकाऊ उमेदवारी सल्लागाराच्या मंजुरीशिवाय ओव्हरटाइमवर ठेवता येत नाही आणि प्रशिक्षणात इजा झाल्यास भरपाईची जबाबदारी आस्थापनेवर असते.

आता रेल्वे. आपण म्हणता त्या, लातूरजवळच्या हरंगुळच्या कोच कारखान्यात वंदे भारत शयनयान गाड्या बांधण्याचे कंत्राट रेल विकास निगम आणि एका रशियन कंपनीच्या संयुक्त कंपनीकडे आहे. त्यामुळे तेथील नोकरी ही रेल्वेची नोकरी असेल असे गृहीत धरून थांबू नका. खऱ्या विचाराची गोष्ट वेगळीच आहे. रेल्वेच्या स्वतःच्या आस्थापनांत शिकाऊ उमेदवारी पूर्ण केलेल्यांसाठी लेव्हल १ च्या, म्हणजे सर्वांत खालच्या वेतनश्रेणीच्या, भरतीत २० टक्के जागा राखीव असतात, मात्र एसटीत शिकलेल्याला त्या मिळत नाहीत. आणि एकदा शिकाऊ उमेदवारी पूर्ण केली की रेल्वेत पुन्हा तशी संधी मिळत नाही. म्हणजे चिकलठाण्याला रुजू होताना हा एक दरवाजा बंद होतो, आणि ही गोष्ट मुलाला आजच कळली पाहिजे. मध्य रेल्वेत शिकाऊ उमेदवारांची निवड लेखी परीक्षेविना, दहावी आणि आयटीआयच्या गुणांच्या सरासरीवर होते. सोलापूर विभागात कुर्डुवाडीची कार्यशाळा आपल्याला जवळची आहे. तिची मागील गुणवत्ता यादी काढून मुलाचे गुण तिच्याशी ताडून पाहा. दहावीच्या ६४ टक्क्यांमुळे मला फारशी आशा वाटत नाही, म्हणून हातात आलेली जागा सोडू नये, असे माझे मत आहे. यादीतील शेवटचे नाव त्याच्या गुणांच्या अगदी जवळ असेल, तरच पुनर्विचार करा.

राज्याच्या युवा कार्य प्रशिक्षण योजनेचे नावही आपण घेतले आहे. तीत आयटीआय उत्तीर्णांना विद्यावेतन मिळते, पण ती १९६१ च्या कायद्याखालील शिकाऊ उमेदवारी नाही.

रुजू होण्याच्या दिवशी करारपत्राची प्रत मागून घ्या आणि त्यावर फिटर हाच ट्रेड व शिकाऊ उमेदवारीच्या सरकारी पोर्टलवरील नोंदणी क्रमांक आहे का, ते स्वतः वाचा. वर्षाअखेरीस होणारी अखिल भारतीय व्यवसाय परीक्षा चुकवू देऊ नका, कारण ती उत्तीर्ण झाल्याशिवाय शिकाऊ उमेदवारीचे राष्ट्रीय प्रमाणपत्र मिळत नाही, आणि मोठ्या वाहन कंपन्यांच्या भरतीत तेच दाखवावे लागते. वाळूज आणि शेंद्रा या दोन्ही औद्योगिक वसाहती चिकलठाण्यापासून लांब नाहीत. पुढे शिकायची इच्छा राहिली, तर दहावीनंतरच्या दोन वर्षांच्या आयटीआयवर पदविकेच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश मिळू शकतो. त्यासाठी आयटीआयची मूळ गुणपत्रिका जपून ठेवा आणि कार्यशाळेत केवळ साक्षांकित प्रती द्या.