बदला घेतल्यावर बरं वाटतं का?

तू लिहिलंयस: "मी दहावीत आहे. वर्गातला एक मुलगा आणि त्याचे दोघं दोस्त दोन वर्षं मला छळतायत. आता माझे व्हिडिओ काढून ग्रुपवर टाकतात. मी त्याला असा धडा शिकवणार आहे की आयुष्यभर लक्षात राहील. कुणी असा बदला घेतलाय का? बरं वाटतं का?"

वाटतं. खोटं कशाला सांगू? मला साधारण दहा मिनिटं वाटलं.

मी तेव्हा नववीत होतो, 1998 चा जानेवारी. गाव गुहागर तालुक्यातलं, समुद्राला लागून. मी तोतरा बोलायचो, आजही अडखळतो. 'ह' हा माझा सगळ्यांत मोठा वैरी, आणि हजेरीला म्हणायचं काय, तर 'हजर'. माझं नाव आलं की मागच्या बाकावरून मला छळणारा वर्गातला एक मुलगा 'ह-ह-ह' सुरू करायचा, वर्ग हसायचा, सर पुढच्या नावावर जायचे. प्रगतिपुस्तकात गैरहजेरी इतकी लागली की बाबांना वाटलं, पोरगा शाळा बुडवून जेटीवर हिंडतोय. त्यांनी मला मारलं. 'मी हजर होतो' एवढं सांगायचं होतं, पण त्यातही तोच शब्द.

बाकीचं तुला सांगायला नको. डबा, चप्पल, पावसात दप्तर व्हाळात. मार सहन व्हायचा. नक्कल व्हायची नाही.

त्या वर्षी स्नेहसंमेलनात नमन-खेळे, म्हणजे आमच्या कोकणातलं लोकनाट्य, बसवले होते. गाताना मी अडखळत नाही. तोतरं बोलणाऱ्या बऱ्याच जणांचं असंच असतं. म्हणून मला मागे गाणाऱ्यांत घेतलं. आणि मला छळणारा तो मुलगा झाला संकासूर. तू कुठला आहेस माहीत नाही म्हणून सांगतो: संकासूर म्हणजे अंगभर काळे कपडे, डोक्यावर उंच निमुळती टोपी, चेहरा काळ्या कापडी मुखवट्याने झाकलेला, कमरेला घुंगरं. शिमग्यात तो वाडीत आला की लहान पोरं ओरडत घरात पळतात. आत कोण आहे ते कळत नाही. कळू नये म्हणूनच तो वेश असतो.

आमच्या गडग्यावर खाजकुयलीचा वेल होता. पावसात चढतो आणि थंडीत त्याच्या शेंगा वाळतात. शेंगेवरची सोनेरी लव म्हणजे बारीक कुसंच. अंगाला लागली तर माणूस वेडापिसा होतो. खाजवावं तितकी पसरते, पाणी लावलं तरी राहत नाही. गावात त्यावर शेण फासतात आणि वाळल्यावर खरवडून काढतात, म्हणजे कुसं त्यात अडकून येतात. हे सगळं मला माहीत होतं. डोळ्यात गेली तर शेण फासता येत नाही, हेही माहीत असायला हवं होतं. त्या मुखवट्याच्या आत मी ती लव झटकली तेव्हा डोळ्यांचा विचार माझ्या मनात आलाच नाही. फक्त त्याचं 'ह-ह-ह' कानात होतं.

रात्री मृदंग सुरू झाला, संकासूर मांडावर आला. दोन गिरक्या झाल्या आणि तो अंग झाडायला लागला, तोंड ओरबाडायला लागला, जमिनीवर लोळला. लोकांना वाटलं, सोंग रंगलंय. टाळ्या, शिट्ट्या. मी मागे उभा राहून गात होतो, न अडखळता, आणि खरंच सांगतो, इतकं मोकळं मला कधी वाटलं नव्हतं. हीच ती दहा मिनिटं. दहाही नसतील.

मग बाजूच्या पडद्याकडे नजर गेली. तिथे तो उभा होता. शाळेच्या गणवेशात, तालावर टाळ्या वाजवत.

मुखवट्याच्या आत पाचवीतला एक पोरगा होता. तालमीला रोज कोपऱ्यात उभा राहून संकासुराच्या उड्या मारून बघायचा. "पहिली फेरी तू मार, मग मी," असं म्हणून त्यानेच आपला वेश त्या पोराला चढवला होता. मला दोन वर्षं ज्याने माणसात धरलं नाही, त्याने त्या पोराची हौस ओळखली होती. ही गोष्ट मी आजही नीट पचवू शकलेलो नाही.

माझ्या तोंडून शब्द फुटला नाही. तो मात्र धावला. मुखवटा त्यानेच ओढून काढला, त्याचेही हात भडकले, तसाच पोराला खांद्यावर टाकून डॉक्टरांकडे पळाला. तिथून रात्रीच जीप करून चिपळूण. आठ दिवस पोराच्या डोळ्यांवर पट्टी होती. दृष्टी वाचली, पण उन्हात एक डोळा पाणावायचा तो पुढेही पाणावतच राहिला.

आणि आळ कुणावर आला असेल? वेश त्याचा, चढवला त्याने, खोड्या करण्यात नाव त्याचंच. "म्या नाय केलं, सर," असं तो सगळ्यांसमोर रडत म्हणाला. कुणी ऐकलं नाही. बापाने शाळेच्या आवारातच पट्ट्याने मारलं, शाळेने दाखला हातात दिला. एन्रॉन कंपनीच्या वीजप्रकल्पाचं काम तेव्हा आमच्याकडे जोरात होतं. तो तिथे ठेकेदाराच्या हाताखाली खडी वाहायला लागला. पंधरा वर्षांचा.

मी गप्प बसलो. मला बोलता येत नाही, सगळ्यांना ठाऊक होतं, त्यामुळे मला कुणी विचारलंसुद्धा नाही.

तुझ्यासाठी यातला महत्त्वाचा भाग पुढे आहे. त्या रात्रीपर्यंत माझी तक्रार खरी होती. त्याने मला दोन वर्षं छळलं, हे मी कुणाही पुढे मान वर करून सांगू शकलो असतो; सांगता आलं नसतं तर लिहून देऊ शकलो असतो. त्या रात्रीनंतर ते तोंडच राहिलं नाही. माझ्यावरचा अन्याय मी स्वतःच्या हाताने पुसून टाकला. तुझी तक्रार अजून खरी आहे, आणि पुरावाही तुझ्या बाजूने आहे. व्हिडिओ आणि ग्रुपवरचे मेसेज डिलीट करू नकोस, तारखांसकट जपून ठेव. घरी दाखव. तोंडाने सांगता येत नसेल तर वहीच्या पानावर लिहून आईच्या हातात दे. मुख्याध्यापकांना अर्ज लेखी द्या आणि त्याची पोच घ्या. शाळेतली सखी सावित्री समिती याच कामासाठी असते. शाळा हलली नाही तर 1098 हा मुलांसाठीच्या चाइल्ड हेल्पलाइनचा नंबर, रात्रीअपरात्रीसुद्धा, पैसे लागत नाहीत. व्हिडिओ अश्लील असतील तर थेट पोलिसांत जा, बरोबर मोठं माणूस घेऊन. आणि कधी जीव नकोसा वाटला तर 14416 वर टेलिमानस ही मानसिक आधाराची सरकारी हेल्पलाइन आहे, तिथे मराठीत बोलतात.

तू विचारलंस म्हणून पुढचंही सांगतो. बऱ्याच वर्षांनी दाभोळहून धोपाव्याला येताना फेरीबोटीत तो दिसला, स्वतःच्या टेम्पोला टेकून उभा. मी जाऊन सांगायला सुरुवात केली. 'खाजकुयली' म्हणेपर्यंतच अर्धी खाडी संपली. त्याने मध्ये एकदाही माझा शब्द पुरा केला नाही. हात कठड्यावर ठेवून शेवटपर्यंत ऐकलं. मग एवढंच विचारलं, "त्या पोराला सांगितलंस?"

नव्हतं सांगितलं. बोट धक्क्याला लागली, फळी पडली, मागच्या गाड्या हॉर्न द्यायला लागल्या, तो टेम्पोत चढला. पुढच्या रविवारी मी त्या पोराच्या घरी गेलो. तोही आता बाप झालाय. दारात उन्हाला आला, आणि माझ्याशी बोलताना उपरण्याच्या टोकाने डोळा टिपत होता.